गन स्वस्त, नोझल नाजूक

दिवाळी जवळ आली की पुण्यात कुंभार वेशीच्या आसपास मातीचे मावळे, सिंहासनावरचे महाराज, तोफा, वाघ आणि गवळणी रस्त्याकडेला मांडल्या जातात. किल्ल्यावर ठेवायची ही चार बोटं उंचीची चित्रं नीट निरखून पाहिली, तर काहींच्या अंगरख्यावर खालून वर उजळत गेलेली छटा दिसते. त्या छटेला कुठेही कड नसते. हे काम कुंचल्याचं नव्हे, गनचं. गणपतीच्या कारखान्यात जिला नुसतं गन म्हणतात, तोच हा एअरब्रश. अलीकडे तो कोथरूड-बाणेरच्या घरांतही अभ्यासाच्या टेबलावर येऊन बसला आहे. तिथे त्याच्यापुढे 28 मिलिमीटरचे रेझिनचे योद्धे असतात, 1:72 मापाची विमानं असतात, नाहीतर छोट्या आगगाडीचे डबे. कर्वे रस्त्यावर भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 साली लोकांसाठी खुलं झालं. लहान मापाचं जग किती बारकाईनं उभं करता येतं, हे त्यानं पुण्याला दाखवलं. तसं काही आपल्या हातून व्हावं असं वाटणाऱ्यांना पुढे कधी ना कधी रंगाचा प्रश्न पडतोच.

दीड-दोन हजारांत मिळणारी गन घ्यावी, की पैसे साठवून नावाजलेल्या कंपनीची? यावर दोन टोकांची मतं असलेले दोघं माझ्या ओळखीचे आहेत आणि ते एकाच घरातले आहेत. मामा कसब्यात गणपती आणि किल्ल्याची चित्रं रंगवतात. भाची हिंजवडीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मिनिएचर रंगवते. मामांच्या कारखान्यात झालेलं त्यांचं बोलणं इथे देतो आहे. मधे मला जे म्हणायचं, ते मी म्हणेन.

भाची : मामा, पहिल्यांदाच गन घेणाऱ्याला तुम्ही काय सांगाल?

मामा : स्वस्तातली घे आणि दोन घे. एक हातात, एक राखीव. श्रावण लागला की आमच्याकडे गन खाली ठेवायला मिळत नाही. एक तुंबली की ती पोराकडे धुवायला द्यायची, दुसरी जोडायची, काम पुढे. महागाची एकच घेतली आणि ऐन वेळी ती तुंबली, तर गिऱ्हाइकाला काय कंपनीचं नाव दाखवू?

भाची : ते कारखान्याला ठीक आहे. घरी धुवायला पोरगा नसतो. मला मिळतात रात्रीच्या जेवणानंतरचे दोन तास. त्यातला एक तास गन शिंतोडे का उडवतेय हे शोधण्यात गेला, तर रंगवायचं कधी? स्वस्त गन बाहेरून चकचकीत असते, पण आत नोझलचं भोक नेमकं मधोमध नसतं, कडेला धातूची बर राहिलेली असते, सुईला पॉलिश नसतं. नवशिक्याला वाटतं, आपलाच हात वाईट. मग ती गन माळ्यावर जाते.

मामा : अगं, मग घेताना बघून घ्यायची. सुई बाहेर काढायची, काचेवर ठेवायची आणि बोटानं लोळवायची. टोक थरथरलं तर सुई वाकडी. नोझल उजेडाकडे धरून भिंगातून बघायचं, भोक गोल दिसलं पाहिजे. खराब निघाली तर तिथल्या तिथं परत.

भाची : म्हणजे स्वस्त गन निवडायला तुमची नजर लागते.

मामा : भिंग लागतं. आणि घाई न करणं लागतं.

इथे मी मामांच्या बाजूचा आहे. चार्ल्स बर्डिकनं 1893 च्या सुमारास पेनसारखा हातात धरायचा एअरब्रश घडवला. निमुळत्या नोझलमध्ये निमुळती सुई आणि भोवतीनं वेगानं निसटणारी हवा, ही त्यातली मूळ मांडणी अजून तीच आहे. हवा वेगानं गेली की टोकाशी दाब घटतो, रंग बाहेर ओढला जातो आणि त्याचे कण होतात. ही मांडणी आता कुणाच्या मालकीची राहिलेली नाही, म्हणूनच दोन हजारांच्या आत मिळणारी नक्कलसुद्धा काम देते. महाग आणि स्वस्त यांतला फरक मुख्यतः टोकाकडच्या काही मिलिमीटरच्या घडाईत असतो आणि पुढे सुटे भाग मिळण्यात असतो. दुकानदाराला गनची किंमत विचारण्याआधी विचारावं : हिचं सुटं नोझल आणि सुई मिळते का, आणि केवढ्याला? उत्तर गुळमुळीत आलं तर ती गन फुकट मिळाली तरी घेऊ नये. मिळत असतील तर गनबरोबर त्याच दिवशी एकेक घेऊन ठेवावं, कारण वेगवेगळ्या नकलांचे आटे एकमेकांत बसतीलच असं नाही.

भाची : एका गोष्टीत मात्र काटकसर नको. खटका दुहेरीच हवा. दाबला की हवा, मागे ओढला की रंग. एकेरी खटक्याची गन स्वस्त पडते, पण रंग किती यायचा ते स्क्रूवर ठरतं, बोटात राहत नाही. माझ्या योद्ध्याचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. तिथे रंग किती सोडायचा ते बोटालाच कळायला हवं.

मामा : ते मान्य. पण कप वर की बाटली खाली? मला बाटलीच लागते. दोन फुटी मूर्तीचं अंग एवढ्याशा कपात होत नाही.

भाची : मला वरचा कप. चार थेंबांत तुमचा मावळा होतो. रंग स्वतःच्या वजनानं खाली उतरतो, म्हणून 15 ते 20 पीएसआयवर भागतं. बाटलीतून वर खेचायला दाब जास्त लागतो, आणि त्या दाबानं छोट्या चित्रावर रंगाला चहूकडे पाय फुटतात.

मामा : पाय फुटतात ते तू जवळ धरून एकाच जागी थांबतेस म्हणून. हात फिरता पाहिजे. हात फिरायला लागल्यावर मगच खटका ओढायचा आणि फिरता असतानाच सोडायचा.

दोघांचंही खरं आहे. मामांच्या बाटलीच्या गनला 0.5 मिलिमीटरचं नोझल आहे, भाचीच्या कपाच्या गनला 0.3 चं. बारीक काम करायचं म्हणून 0.2 घेण्याचा मोह नवशिक्याला हमखास होतो, तो टाळावा. भोक जेवढं बारीक तेवढं ते लवकर तुंबतं, आणि बारीक रेघ येते ती रंगाच्या पातळपणावर, दाबावर आणि हातावर. 0.3 वर प्रायमरपासून छटांपर्यंत सगळं निभतं. फक्त धातूच्या रंगांतले कण जाड असतात, ते 0.3 मधून काढताना त्रास देतात.

कंप्रेसरचा विषय निघाला आणि आवाज चढले.

मामा : गनपेक्षा जास्त पैसे जातात हवेला. जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी जा, जुन्या फ्रिजचा कंप्रेसर उचल. आवाज म्हणशील तर फ्रिजएवढाच. आम्ही सुरुवातीची कितीतरी वर्षं त्याच्यावर काढली.

भाची : मामा, ते तुम्ही कुणाला सांगूसुद्धा नका. त्याला आपोआप बंद व्हायची सोय नसते. टाकी जोडली आणि लक्ष नसलं तर दाब चढतच जातो. आत तेल असतं, ते हवेबरोबर रंगात येतं. वायरी उघड्या.

मामा : आम्ही सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला होता. तेलाचा फिल्टरही होता. त्या वेळी दुसरं काही परवडतच नव्हतं.

भाची : आता परवडतं ना? मग घरातल्या पोराटोरांनी तो उद्योग कशाला करायचा?

या मुद्द्यावर मी भाचीच्या बाजूनं, आणि त्यात तडजोड नाही. दाबाखालची टाकी ही घरी प्रयोग करायची वस्तू नव्हे. बाजारात सात ते दहा हजारांच्या आसपास तीन लिटरच्या टाकीचा, बिनतेलाचा छोटा पिस्टन कंप्रेसर मिळतो. त्यातले बरेचसे दाब चार बारवर गेला की आपोआप बंद होतात आणि तीन बारवर उतरला की पुन्हा सुरू होतात. टाकी नसलेला कंप्रेसर त्याहून स्वस्त मिळतो, पण पिस्टनचा प्रत्येक ठोका हवेत उतरतो आणि बारीक रेघ सलग येत नाही, शिवाय यंत्र सतत चालू राहून तापतं. एकूण पैसे बेताचेच असतील तर मी ते असे वाटीन : गन स्वस्त, कंप्रेसर टाकीचा, आणि उरलेल्यातून सुटे भाग. गन पुढे कधीही बदलता येते आणि हाच कंप्रेसर तिलाही चालतो. चार्जिंगवर चालणारी, गनच्या बुडालाच जोडायची छोटी हवायंत्रं मिळतात, ती मुलांना हात बसवायला ठीक आहेत. पण बहुतेकांवर दाब हवा तसा कमी-जास्त करता येत नाही, म्हणून बारीक कामाला मी ती सुचवणार नाही.

कंप्रेसरखाली जाड रबराची चटई घातली की खालच्या मजल्यावर घरघर कमी जाते. जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळावी आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघावं. गनच्या नळीचे जोड बहुधा एक अष्टमांश इंची असतात. आटे जुळले नाहीत तर रविवार पेठेत बोहरी आळीत चक्कर मारावी.

भाची : आणि टाकीच्या बुडाची तोटी उघडून पाणी सोडायचं. दर वेळी. जुलैमध्ये सोडून बघा, किती निघतं ते. पुण्याची पावसाळी हवा दाबली की तिच्यातलं बाष्प टाकीत आणि नळीत उतरतं. तेच पाणी रंग चालू असताना मधेच टपकन चित्रावर पडतं. म्हणून गनच्या आधी पाणी अडवणारी वाटी हवीच.

मामा : पावसाळ्यात मूर्ती वाळत नाही, एप्रिलमध्ये रंग गनमध्येच वाळतो. आता सगळे पाण्याचे रंग. पूर्वी ऑइलचे असायचे, ते गनमध्ये जरा थांबले तरी चालायचं.

मामा म्हणतात त्याला कारण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 मध्ये मूर्ती विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. विषारी रंग टाळून पाण्यात मिसळणारे निर्धोक रंग वापरण्यावर त्यात भर आहे. नदीच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. पण पाण्यातलं ॲक्रिलिक सुईच्या टोकावर क्षणात साय धरतं. पुण्याच्या उन्हाळी दुपारी हवा इतकी कोरडी असते की दोन फवाऱ्यांच्या मधल्या वेळातही टोक कोरडं पडतं, आणि मग रंग ठिपक्यांनी उडतो.

भाची : त्याला माझ्याकडे उपाय आहे. रंगात वाळणं लांबवणाऱ्या द्रावणाचे एक-दोन थेंब. दुधाइतका पातळ रंग, कपाच्या कडेवर लावला की दुधासारखाच ओघळून खाली जायला हवा. आणि पाणी नळाचं नाही. बोअरचं तर मुळीच नाही, त्यातले क्षार आत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणते.

मामा : मी ओल्या फडक्यानं टोक पुसतो. झालं.

भाची : पुसताना सुई वाकते.

मामा : तुझी वाकते. तू उभं पुसतेस. मागून पुढे, सुईच्या दिशेनं पुसायचं.

भाचीनं तिथेच करून पाहिलं आणि पुढे त्यावर वाद झाला नाही. ट्यूबमधलं कॅनव्हासचं ॲक्रिलिक स्वस्त म्हणून वापरायचं असेल तर ते पातळ करून नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्यावं, यावरही दोघं एकमताचे आहेत.

खरा तंटा आहे धुण्यावरून. या हत्याराचं आयुष्य तिथेच ठरतं, म्हणून ते बोलणं जवळजवळ पूर्ण देतो.

भाची : काम संपलं की मी गन पूर्ण उघडते. पुढची टोपी, नोझल, सुई, खटका. सगळं आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, बुडवून, दातांच्या फटींचा बारीक ब्रश फिरवून, पुसून, पुन्हा जोडते.

मामा : रोज?

भाची : रोज.

मामा : म्हणून तुझी नोझलं जातात. उघडलीस की बिघडली. केवढं असतं ते? तांदळाच्या दाण्याएवढं, आणि त्याला चार आटे. रोज पाना लावून आवळशील तर आटे तुटून अर्धं नोझल आतच राहतं. मी रंग बदलताना पाणी घालतो, फडक्यावर फवारतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग टोपीवर फडकं दाबून खटका जरा ओढायचा, हवा उलटी कपात येते, बुडबुडे येतात, बुडाशी बसलेला रंग सुटतो. दिवस संपताना सुई मागे ओढून काढतो, पुसतो, परत घालतो. नोझल महिन्यातून एकदा.

भाची : सुई रंगाने भरलेली असताना मागे ओढलीत तर तो रंग खटक्यापुढच्या पॅकिंगमध्ये जातो. तिथे वाळला की खटका अडकतो. तुमच्या त्या गनचा खटका दाबला की वर येत नाही, तो त्यामुळेच.

मामा : आधी थिनर फिरवतो मी.

भाची : थिनरनं आतल्या रबरी रिंगा फुगतात! पॅकिंग टेफ्लॉनचं असेल तर टिकतं, पण स्वस्त गनमध्ये सगळीकडे टेफ्लॉन नसतं. आणि अमोनियाचं काच पुसायचं द्रावण तर कुणीच घालू नये, त्यानं आतलं पितळ खराब होतं. पाण्याचा रंग आहे, पाणी आणि मग आयपीए पुरतं.

मामा : रंग वाळला नसेल तर पुरतं.

भाची : म्हणूनच वाळू द्यायचा नाही!

दोघांचं ऐकून मी माझ्यापुरतं असं ठरवलं आहे. रंग बदलताना मामांची पद्धत : पाणी, उलटी हवा, पुन्हा पाणी. उलटी हवा मारण्याआधी कप भरलेला नसावा आणि दाब कमी असावा, नाहीतर रंग अंगावर येतो. बैठक संपताना सुई काढायची, पण त्याआधी स्वच्छ द्रावण फवारून, म्हणजे मागच्या पॅकिंगला रंग लागत नाही. नोझलला हात लावायचा तो शिंतोडे किंवा बुडबुडे दिसले तर, किंवा धातूचा रंग आणि वॉर्निश वापरल्यावर. आवळताना पान्याला फक्त दोन बोटं. आणि सुई परत घालताना ती नोझलमध्ये हलकेच टेकली की थांबायचं. तिथे जोर दिला की नोझलचं तोंड फाकतं. माझ्या पाहण्यात नोझलं गेली ती बहुधा अशीच.

मास्कच्या बाबतीत मामा ढिलाई करतात आणि ती मला पटत नाही. पाण्याचा रंग वासाला सौम्य असला तरी त्याचे कण हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर आत जातात, तेव्हा एन 95 हवाच. कॅडमियमचे रंग फवारूच नयेत. खोक्याला स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बसवून खिडकीबाहेर हवा काढणारे पुष्कळ आहेत. पाण्याच्या रंगाला ते चालतं, पण थिनरचा फवारा त्या पंख्यापुढे मारू नये, मोटारीच्या ठिणगीनं वाफ पेट घेऊ शकते.

भाची : मामा, तुम्ही म्हणता गन म्हणजे घाईचं हत्यार. पण ही बघा. आधी काळा प्रायमर, मग फक्त वरून, सूर्य माथ्यावर असल्यासारखा, पांढरा. रंग लावायच्या आधीच सावल्या बसल्या. हे कुंचल्यानं किती वेळानं झालं असतं?

मामा : हे आम्ही मूर्तीला कायम करतो. सोंडेच्या खाली गडद, गंडस्थळावर उजेड. पण आखणी? डोळे? ते गननं कर बघू.

भाची : डोळे कुंचल्यानंच.

मामा : मग झालं. म्हणून सांगतो, पोरांनो, सगळे पैसे गनमध्ये घालू नका, एक चांगला शून्य नंबरचा कुंचलापण घ्या.

त्यानंतर भाचीनं पिशवीतून स्वतःची गन काढली. तिची तक्रार होती की कपात आपोआप बुडबुडे येतात आणि फवारा धडधडतो. मामांनी कपात पाणी घातलं, नुसता खटका दाबला, रंग ओढला नाही. तरी बुडबुडे आले. म्हणजे हवा टोकातून बाहेर जाण्याऐवजी नोझलच्या बाजूनं कपात शिरत होती. त्यांनी टोपी बोटानं आवळून पाहिली, फरक नाही. मग नोझल सोडवलं, खिडकीकडे धरलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. तोंडाशी केसाएवढी उभी चीर होती.

मामा : सुई रेटलीस. रोज जोडतेस ना, त्यात कधीतरी.

भाची : किंवा नोझलच पातळ होतं. स्वस्तातलं.

मामा : असेल. सुटं आहे?

भाची : आहे. गन घेतली तेव्हाच दोन घेतली होती.

मामांनी नव्या नोझलच्या आट्यांना मधमाशीच्या मेणाचा अगदी पुसट हात लावला, म्हणजे उरलीसुरली फटही बुजते. दोन बोटांनी बसवलं आणि वर्तमानपत्रावर रेघ मारली. रेघ सलग आली. भाचीनं दाब 18 वर आणून तीच रेघ निम्म्या जाडीची काढली. मग तिनं गन उघडायला घेतली आणि मामा म्हणाले, आता कशाला उघडतेस, नुसतं पाणी मार.